तीस दिवस ठेवलेली खुर्ची

आमच्या ह्यांना रस्त्यावर मोडकी खुर्ची दिसली की ह्यांची चालच बदलते. सोबत बायको आहे, हातात भाजीची थैली आहे, वर ऊन तापलंय, सगळं विसरतात. तेहतीस वर्षं संसार केला या माणसासोबत. मले विचारा!

घ्या, सुरुवातीलाच 'मले' लिहून बसले. बालवाडीतल्या लेकरांना जन्मभर 'मला म्हणा, तुला म्हणा' शिकवलं, पण तोंडाची सवय काही गेली नाही. लिहिताना सांभाळीन म्हणते. राग आला की सुटेल, तेवढं चालवून घ्या.

ह्यांचं नाव अच्युत निंभोरकर. सासरे अमरावतीकडून नोकरीसाठी रायपूरला आले आणि तात्यापाऱ्यात तीन खोल्यांचं घर करून राहिले. तेच आमचं घर. हे गुढियारीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात बाबू होते. आला माल उतरवून घ्यायचा, लेबल लावायचं, मालक आला की सही घेऊन सोडायचा. एवढंच काम, पण ह्यांचा थाट असा की कलेक्टरनं काय करावा! रिटायर झाले तेव्हा लोकांनी शाल-श्रीफळ दिलं. ह्यांनी शेठकडून मागून काय आणलं? कोऱ्या लेबलांचा गठ्ठा. मी म्हटलं, "हे काय आता माझ्या डब्यांवर लावता?" तर हसत हसत गठ्ठा फळीवर ठेवून मोकळे.

सुतारकाम ह्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नाही. गोदामात माल यायचा तेव्हा कोणाच्या टेबलाचा पाय मोडलेला, कोणाची फळी निखळलेली. मालकाला असं कसं द्यायचं म्हणून हे दुपारच्या सुट्टीत तेच जोडत बसायचे. तिथून हा रोग लागला.

मग नोव्हेंबर दोन हजारला छत्तीसगड झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांना राहायला घरं पाहिजेत. चौबे कॉलोनीत जो तो वरचा मजला रिकामा करून, टाइल्स बसवून भाड्यानं द्यायला निघाला. बापजाद्यांचं सागवानी सामान गेटाबाहेर आणि आत नवा गुबगुबीत सोफा. लोकांची राजधानी झाली, माझ्या घराचं गोदाम झालं! सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून रोज काहीतरी येऊन राहिलं होतं. कधी बिनपाठीची खुर्ची, कधी तीन पायांची तिपाई, एकदा तर बिनदाराचं कपाट. ते सायकलवर कसं आणलं हे मी अजून विचारलेलं नाही.

बरं, आणायचं तर आणा, लगेच दुरुस्त करा, देऊन टाका. नाही! ह्यांचा नियम आहे. वस्तू दिसली की आधी जवळच्या घराची घंटी वाजवायची. "हे तुम्ही टाकलं का? मी नेऊ का?" लोक वेड्यासारखे बघतात. हो म्हणाले की घरी आणायची, खालच्या बाजूला खळीनं लेबल चिकटवायचं, त्यावर जागा नि तारीख लिहायची. मग तीस दिवस तिला हात लावायचा नाही. काहून? तर मालकाचं मन बदललं आणि तो न्यायला आला तर!

"अहो, कचऱ्यात टाकलेली खुर्ची न्यायला कोण येणार?" मी म्हणायचे.

"आला तर?"

"आजवर आला का कोणी?"

"नाही आला. पण आला तर?"

कपाळ बडवून घ्यायचं.

ह्या नियमामागं कारण होतं, ते मला लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी कळलं. गोदामात नियम पंधरा दिवसांचा होता. मालक आला नाही की माल विकून टाकायचा. ह्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक बाई सोळाव्या दिवशी आली. भावानं तिच्यासाठी नागपूरहून शिलाई मशीन पाठवली होती आणि चिठ्ठी तिला उशिरा मिळाली. मशीन आदल्या दिवशी ह्यांनीच विकली होती, नियमाप्रमाणे. बाई भांडली नाही, ओरडली नाही. "बरं बाबूजी" म्हणाली आणि निघून गेली. म्हणून घरी पंधराचे तीस केले. आता सांगा, अशा माणसाशी भांडावं तरी कसं? मी भांडलेच म्हणा.

तीस दिवस झाले की मग मागच्या खोलीत काम सुरू. लोक काय करतात, खुर्ची डगमगली की ठोक खिळा, परत डगमगली की आणखी एक. ह्यांचं म्हणणं, लाकूड खिळ्यानंच फाटतं. हे एकेक खिळा काढतात, सांधा सोडवतात, जुना सरस गरम पाण्यानं धुतात, नवा लावून सुतळीनं आवळून दोन दिवस ठेवून देतात. घाई बिलकूल नाही. काढलेले खिळे पावडरच्या डब्यात जातात. असे अकरा डबे आहेत माझ्या घरात. तयार झालेलं सामान कोणाला हवं त्याला देतात. अंगणवाडीला दिलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दिलं. लेबल मात्र खाली तसंच राहू देतात. त्यावर काय काय लिहितात ते मी कधी वाचलं नाही. जागा नि तारीख, दुसरं काय असणार?

आता मुख्य गोष्ट. आमची एकच पोरगी, देवश्री. कॉम्प्युटर शिकवते. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. दोन हजार दोनमध्ये तिला बघायला भिलाईचे लोक आले. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात मुलाच्या आत्याबाई हात धुवायला म्हणून आत गेल्या आणि मागच्या खोलीत डोकावल्या. सात खुर्च्या, दोन पलंग, एक पाळणा आणि ते कपाट! चार दिवसांनी निरोप आला, मुलगी चांगली आहे पण घर म्हणजे कबाडखाना. देवश्री रडली नाही. बापाला एवढंच म्हणाली, "पापा, एक कमरा तो इंसानों के लिए छोड़ दो।" ह्यांनी दोन दिवस रंध्याला हात लावला नाही. जेवलेही नाहीत धड.

म्हणून दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत शिशिरकडचे लोक येणार ठरलं तेव्हा मी कंबर कसली. शिशिर चौबे कॉलोनीतला, बँकेत नोकरी, वडील नाहीत. घरी आई विमलाताई आणि ब्याऐंशी वर्षांचे आजोबा यशवंतराव. त्यांच्या शब्दाबाहेर घरात काही होत नाही अशी ख्याती. आणि मुख्य म्हणजे ह्या वेळी पोरगी स्वतःहून "हाँ" म्हणाली होती. शिशिरला ती ओळखत होती आणि त्याचं नाव निघालं की कानामागचे केस उगीच नीट करायची. आईला काय कळत नाही? हे मोडलं असतं तर माझी पोरगी आतून मोडली असती.

मी ह्यांना बजावलं, "मागच्या खोलीले कुलूप. समोर तुमची एकबी वस्तू दिसली तर पाहा! मी माहेरी निघून जाईन." माहेरी आता भावजय आहे आणि ती मला उंबऱ्यात उभी करणार नाही, हे ह्यांनाही ठाऊक. पण मुकाट्यानं किल्ली दिली. शेजारच्या गंगाधरभैयाकडून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. घर कसं चारचौघांसारखं दिसायला लागलं.

पाहुणे ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच हजर. हे आलुबोंडे आणायला सदर बाजारात गेलेले. यशवंतराव उंचपुरे, भारी अंगाचे, हातात काठी. ठेंगण्या दिवाणावर बसायला गेले तर गुडघे वाकेनात. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं तर खुर्चीचे चारही पाय फाकायला लागले. म्हातारा माणूस माझ्या समोरच्या खोलीत पडतो की काय! "थांबा काका," म्हटलं, आणि कुलूप उघडून मीच, माझ्या ह्या हातांनी, मागच्या खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची बाहेर ओढून आणली.

त्या खुर्चीचं सांगायचं राहिलं. जून दोन हजार एकमध्ये आली होती. उंच पाठीची, रुंद हातांची, सागवानी. मागचा एक पाय वाळवीनं खाल्लेला, वेत फाटून लोंबत होता. तिच्यात एकोणीस खिळे निघाले, मी मोजले. ह्यांनी एका पलंगाचा पाय कापून तिला नवा पाय केला, सगळा वेत स्वतः विणला, लाखेचं पॉलिश पाच वेळा दिलं. चार महिने घेतले. फक्त उजव्या हातावर अंगठ्याएवढी एक खाच होती, ती भरली नाही. मी म्हटलं, "एवढं केलं तर तेवढ्यात पुट्टी काहून नाही भरत?" तर म्हणाले, "नको. ही कोणाच्या तरी रोजच्या सवयीची जागा आहे." आणि ही खुर्ची कोणाला दिलीही नाही. ठेवून दिली.

यशवंतराव तिच्यावर बसले, पाठ टेकली, "वा!" म्हणाले. मी निश्वास सोडला. देवश्री पाण्याचे पेले घेऊन आली. विमलाताई तिला शिक्षण विचारत होत्या आणि यशवंतरावांचा हात खुर्चीच्या हातावरून फिरत होता. फिरता फिरता अंगठा त्या खाचेत गेला आणि तिथंच थांबला.

"विमला," ते म्हणाले, "ही आपली खुर्ची आहे."

विमलाताईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हे बघ, इथं मी सुपारी फोडायचो. तुझी सासू ओरडायची, सागवानाचा सत्यानाश केला म्हणून. चाळीस वर्षं ओरडली. ही तीच खाच आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा एकदम खुललेला. "म्हणजे हेच ते मिस्त्री? सूनबाईनं सांगितलं होतं मला. मी डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला होतो ना, तेव्हा तिनं खुर्ची मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिली. दोन वर्षं झाली, रोज विचारून राहिलो मी, खुर्ची आली का, खुर्ची आली का!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुरुस्तीला! अगं बाई, कचऱ्याच्या ढिगावर फेकली होती तुम्ही! आमच्या ह्यांनी घंटी वाजवून विचारलं तर कामवालीनं आतूनच सांगितलं, "फेंक दिए हैं, ले जाओ।" ह्यांनी तेव्हाच घरी येऊन मला सांगितलं होतं. आणि म्हाताऱ्या सासऱ्याला दोन वर्षं मिस्त्रीच्या थापा? मले असा राग आला, असा राग आला! भिलाईच्या आत्याबाईपासून साठलेला सगळा जिभेवर येऊन बसला. आमच्या घराला कबाडखाना म्हणणारे तुमच्यासारखेच लोक, आणि कबाड करणारेही तेच! विमलाताई माझ्याकडे बघत होत्या. शिशिर खाली बघत होता. देवश्री माझ्याकडे बघत होती, कारण आपल्या आईचं तोंड तिला चांगलं ठाऊक आहे. एक वाक्य मी बोलले असते की त्या सुनेला म्हाताऱ्यासमोर तोंड दाखवायला जागा उरली नसती आणि माझ्या पोरीला सासर उरलं नसतं.

नेमके तेव्हाच हे आलुबोंड्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले.

"या मिस्त्री!" यशवंतराव गरजले. "काय हो, एका खुर्चीला दोन वर्षं? लाज वाटत नाही?"

ह्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग त्या खाचेतल्या अंगठ्याकडे. मग विमलाताईंकडे. पुडा तिपाईवर ठेवला आणि हात जोडले.

"चुकलं काका. वेत मिळून नाही राहिला होता."

मिस्त्री म्हणवून घेण्यात कमीपणा नाही हो. पण माझ्या नवऱ्यानं जन्मात कोणाचा माल एक दिवस उशिरा सोडला नाही. आणि तो माझ्या देखत, होणाऱ्या व्याह्यांच्या देखत, खोटे वायदे करणारा मिस्त्री होऊन हात जोडून उभा राहिला. माझे डोळे भरून आले. रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

"पण काम बेस केलं," यशवंतराव म्हणाले. हात पाठीवरून, पायावरून फिरवत ते बैठकीच्या खाली गेले आणि त्यांना कागद लागला. "इथं चिठ्ठी आहे. काय लिहिलंय? मला बारीक दिसत नाही. तुम्ही वाचा बरं, बाई."

तुम्ही, म्हणजे मी.

हे एकदम पांढरे पडले. त्यांना ठाऊक होतं त्यावर काय लिहिलंय. विमलाताईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. मी गुडघे टेकून खाली वाकले, मान वाकडी करून लेबल वाचलं. पहिल्या ओळीत होतं, चौबे कॉलोनी, पाण्याच्या टाकीमागे, कचऱ्याजवळ. दुसऱ्या ओळीत, ९ जून २००१, विचारले, टाकून दिली म्हणाले. आणि त्याखाली निळ्या पेन्सिलनं, जाड अक्षरात, आणखी एक ओळ होती. ती मी इतक्या वर्षांत, इतक्या लेबलांवर, एकदाही वाचली नव्हती.

"वाचा ना," यशवंतराव म्हणाले.

मी वाचलं. "मालक आल्यास देणे."

"एवढंच?"

"एवढंच हो काका," मी म्हटलं.

यशवंतरावांनी मान हलवली. मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ डोळे पुसले. "दिलीत," म्हणाले, "दिलीत बाबा."

पुढं काय झालं ते नीट आठवत नाही. आलुबोंडे गार झाले, तरी सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. शिशिर नि देवश्री अंगणात जाऊन काय बोलले ते त्यांनाच माहीत, पण पोरगी आत आली तेव्हा कानामागचे केस नीट करत होती. खुर्चीसाठी सायकलरिक्षा बोलावली. यशवंतराव मोटारीत बसायला तयार होईनात, रिक्षात खुर्ची धरून बसले आणि रिक्षावाल्याला छत्तीसगडीत म्हणाले, "धीरे चलाबे ग भैया." तो म्हणाला, "हव."

विमलाताई मागे थांबल्या होत्या. स्वयंपाकघरात त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, वाळवी लागली होती हो. वरचा मजला साहेबांना द्यायचा होता. वाटलं, विसरतील. मग रोज विचारायला लागले, आणि मी रोज..."

राग अजून होताच माझ्यात, खोटं कशाला सांगू. पण दोन वर्षं रोज तेच एक खोटं बोलणाऱ्या बाईकडे पाहून तो निम्मा झाला. मी म्हटलं, "असू द्या. पुन्हा काही टाकायचं झालं तर आधी इकडे पाठवा. आमच्याकडे तीस दिवस ठेवतात."

सगळे गेले. मी मागच्या खोलीत गेले. जिथं ती खुर्ची असायची त्या रिकाम्या जागेवर हे जमिनीवर बसले होते आणि लहान पोरासारखे रडत होते. मी घाबरले. "अहो, काय झालं? मिस्त्री म्हणाले म्हणून लागलं का तुम्हाले?"

"नाही अवं," हे म्हणाले. "आला, कुसुम. एक तरी न्यायला आला."

मी त्यांच्या शेजारी भुशातच बसले, चांगली साडी होती तरी. मग एकेक तिपाई, एकेक खुर्ची उलटी करून पाहिली. सगळ्यांच्या पोटाशी तीच निळी ओळ. तेहतीस वर्षांत ज्या माणसाला मी रोज येडं म्हटलं, तो रोज कोणाची तरी वाट पाहत होता, आणि मी एकदाही वाकून वाचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे, चहा कर."

दोन दिवस फोन आला नाही. देवश्री वरून शांत, पण घंटी वाजली की उठून उभी. मी मनातल्या मनात म्हणत होते, विमलाताईंना आता आम्हाला तोंड दाखवायला नको वाटत असेल, गेलं हे स्थळ. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी उचलला. पलीकडे यशवंतराव, नेहमीसारखे गरजत.

"मिस्त्री आहेत का घरी?"

"आहेत काका. काम चाललंय त्यांचं."

"त्यांना सांगा, खुर्चीला दोन वर्षं लावली ते लावली. पोरगी द्यायला तेवढी लावू नका. मी ब्याऐंशी वर्षांचा आहे, तेवढा वेळ नाही माझ्याजवळ!"

मी फोन ठेवला. देवश्री दारात उभी होती. मी नुसती मान हलवली तशी ती माझ्या गळ्यात पडली, आणि जी दहा वर्षांत माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलली नव्हती ती म्हणाली, "आई, पप्पाले सांग ना." मी मागच्या खोलीत गेले. हे एका तिपाईचे खिळे काढत बसले होते, चष्मा नाकावर, डबा मांडीत.

"कोणाचा फोन होता?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुमच्या गिऱ्हाईकाचा," मी म्हटलं. "खूश आहे तुमच्यावर."